आईच्या बोटांच्या खाचा

शहाण्या,

आईचा वाडगा नीट करायला तुला सांगितलं कोणी? उजवा हात लुळा पडल्यापासून तिने पहिल्यांदाच काहीतरी घडवलं होतं, तेही एकट्या डाव्या हाताने. तासभर मातीत रमली होती, एकदाही कुरकुरली नाही. काठावरच्या खाचा तिच्या बोटांच्या होत्या रे! तू पाण्याचा हात फिरवून सगळं गुळगुळीत करून ठेवलंस. वर "चांगल्यासाठीच केलं" हे पालुपद आहेच.

सकाळी तिने खाचा शोधत काठ चाचपला आणि म्हणाली, "हा माझा नाही."

तिला घेऊन मातीकामाच्या वर्गाला जातेय. ओल्या फडक्याखाली मातीचा गोळा ठेवलाय. आम्ही येईपर्यंत एक वाडगा कर, फक्त डाव्या हाताने. मग सांग मला, तिच्या वाडग्यात काय बिघडलं होतं ते.

ताई