‘राहावे’ आणि ‘निघा’

कसबा बावडा,
४ जुलै

चि. प्रसेनजीत यास,
आक्काचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

धरणाच्या कॉलनीत रेंज नसते, आणि ऑफिसच्या फोनवर तू नुसतं हां हां म्हणतोस, म्हणून लिहिते. तिन्ही धरणांच्या पाण्याचा मेळ घालायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून हसू आलं. नळाखाली घागर लावून गोट्या खेळायला पळायचास तू.

आता कामाचं. पुराच्या वेळी आमच्या फोनवर येणारा मेसेज तुमच्याकडूनच निघतो ना? मागच्या मोठ्या पुरात आला होता, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. तुझे दाजी लिहिलेलं मानणारे. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, सरकारच राहा म्हणतंय की, मग जायचं कुठं? मला म्हशीबरोबर शाळेत धाडलं आणि आपण राखण करत राहिले. गोठ्याची भिंत त्यांच्यावरच आली.

‘सतर्क’ कुणाला कळतं? ‘राहावे’ सगळ्यांना कळतं. तो शब्द काढ. ‘निघा’ लिही.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच आहे.
तुझी आक्का

धरण कॉलनी,
११ जुलै

ती. आक्कास,
प्रसेनजीतचा सविनय जयभीम.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. साहेबांपुढे विषय काढला. ते म्हणाले, निघा म्हटलं आणि पाणी चढलं नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? त्यांचंही अगदी खोटं नाही, कारण पाणी चढू न देणं हेच तर आमचं काम. मोठ्या पावसाला आत जागा हवी म्हणून धरणं आत्ताच थोडी रिकामी करतोय. तिन्हींचं पाणी गावापाशी एकदम पोचू नये म्हणून एकाचं आधी सोडायचं, दुसऱ्याचं धरून ठेवायचं. पण पुढे पाऊस रुसला तर उन्हाळ्यात टंचाई. तुमच्या गल्लीतले हंबीरराव इथवर येऊन विचारून गेले, उन्हाळ्यात ऊस काय तुझ्या घामावर पिकवू का?

शब्दासाठी मी भांडतो. पण दाजी गेल्यापासून तू एक रात्र घर सोडलेलं नाहीस. मेसेज आला तर तू निघशील का? आधी ते कळव.

रागावलीस तरी चालेल, पण कळव.
तुझा प्रसेनजीत

कसबा बावडा,
२ ऑगस्ट

चि. प्रसेनजीत यास,
आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं आज-उद्यावर ढकलत होते. तेवढ्यात मेसेजच आला. अंधार पडायच्या आत जनावरं घेऊन निघा. मी विहारात जाऊन लाऊडस्पीकरवर तो जसाच्या तसा वाचला. शेजारची बायडाबाई म्हणाली, तू सांगतीस व्हय, तूच कधी उंबरा सोडत न्हाईस. मग मी घराला कुलूप घातलं, म्हैस सोडली आणि सगळ्यांच्या देखत चालू लागले. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरले असते. शाळेच्या चढाला पोचले तेव्हा मागे सगळी गल्ली होती, बायडाबाई कोंबड्या काखेत घेऊन.

पाणी गोठ्यापर्यंत येऊन मागे फिरलं. दुसऱ्या धरणाचं पाणी तू धरून ठेवलं होतंस, हे नंतर कळलं. आता गल्ली मला म्हणते, आक्कानं उगाच पळवलं. हंबीरराव उन्हाळ्याच्या पाण्याचं विचारतात. त्यांना म्हटलं, विचारायला शिल्लक आहात, ते बघा.

साहेबांना सांग, पुढच्या खेपेलाही निघाच लिहा. पाणी येवो न येवो, पुढे मी चालीन. शिव्याही मीच खाईन.

‘निघा’चा तो मेसेज अजून पुसलेला नाही. दाजींनी हा वाचला असता तर माझ्याही आधी निघाले असते. लिहिलेलं मानणारा माणूस होता.

तुझ्यावरचा जीव कमी होणार नाही, काळजी नको.
तुझी आक्का