तांबेऱ्यावरची फेलोशिप

२३ मार्च १९६४, सोमवार

आज घरात आलं : साखर दहा पौंड, एक डॉलर अठरा सेंट. पांढरा दोरा, वीस सेंट. एल्डाच्या नावानं विद्यापीठाचं जाड पाकीट, खर्च काही नाही.

पोरीला फेलोशिप मिळाली! दोन वर्षं गव्हावरच्या तांबेऱ्याचं संशोधन. फी माफ, वर वर्षाला दोन हजार डॉलर. हो की नाही ते पंधरा एप्रिलच्या आत कळवायचं. तिचा बाप याकोब म्हणाला, "पानावरच्या ठिपक्यांना दोन हजार?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. खूश असला की असंच करतो. प्रभूची कृपा.

तिच्यामागे यादीत पहिला मिलर्ड उन्रू, आपल्याच चर्चमधल्या टिलीचा मुलगा. हिनं सोडली तर त्याला.

२९ मार्च, ईस्टर

प्रार्थनेनंतर टिलीनं गाठलंच. "मार्था, आमच्या मिलर्डला संसार आहे. जूनमध्ये पाळणा हलणार. तुझ्या एल्डाचं काय, उद्या लग्न झालं की सूक्ष्मदर्शक माळ्यावर!" सगळ्या हसल्या. मीही. खोटं काय बोलली?

३१ मार्च

एल्डा पावाची कणीक मळत होती. टिलीचं बोलणं सांगितलं.

"तुला काय वाटतं, आई?"

"आपल्यात दुसऱ्याचं आधी बघतात."

"मी तुला विचारलं. आपल्याला नाही."

मी भट्टीत डोकावून पाहिलं. पाव अजून आत गेलेच नव्हते.

मॅट्रिकला मी जिल्ह्यात पहिली आले होते. कॉलेजनं जागा देऊ केली होती. पण थोरल्या भावाची फी भरायची होती. नको म्हणून लिहून दिलं. काही बिघडलं नाही.

४ एप्रिल

एल्डानं नकार लिहिला. तीन ओळी. कागद, पेन मीच आणून दिलं. "तूच टाक पेटीत," म्हणाली.

६ एप्रिल

टाकलं. तिकीट पाच सेंट.

९ एप्रिल

एल्डा सगळी कामं करते. विचारलं तर बोलते. खिडकीतल्या कुंड्यांमधला गहू — चार महिने रोज भिंगानं बघायची — आज उपटून कोंबड्यांना घातला. कुंड्या धुऊन पालथ्या ठेवल्या.

१३ एप्रिल, सोमवार

चर्चमध्ये गोरगरिबांसाठी गोधड्या शिवायला बसलो होतो. टिली सांगत होती, मिलर्ड कॅलिफोर्नियाला चालला. तिकडची फेलोशिप घेतली.

"कधी ठरलं?"

"अगं, मार्चातच सही करून मोकळा झाला! कॅन्ससच्या धुळीत कोण राहतंय? इथली आपली हाताशी असावी म्हणून विचारलं होतं. पण एल्डानं सोडली हो, केवढं मोठं मन!"

माझा टाका बोटभर लांब गेला. उसवला. पुन्हा घातला.

१४ एप्रिल

एल्डाला सगळं सांगितलं. विचारलं, अजून हवी आहे?

"हो."

एवढंच. मग चहा केला तिनं, माझ्यासाठीही.

मुदत उद्याची, विद्यापीठाला पत्र पोचणार नाही. तारघरात गेले. शब्दागणिक पैसे. बाबू म्हणाला, "बाई, निम्मे शब्द गाळले तरी चालेल." एकही गाळला नाही. नक्कल इथे :

"एल्डा पेनरचा नकार तिचा नाही. मी लिहवून घेतला. तेहेतीस वर्षांपूर्वी माझ्या आईनं माझ्याकडून असाच लिहवून घेतला होता. जागा अजून असेल तर तिची तिला ठेवा. कृपा करून उलट टपाली कळवा. — मार्था पेनर, आई."