सातव्या पिंजऱ्यातलं पाणी

नगर, मार्च १९७३

आये,
पाया पडते.

तुला आलेलं पत्र पोस्टमन ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो, म्हणून हे मी टाकणार नाही.

तू कॉलेजात आलीस तेव्हा सातव्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या मेंदूखालचा देठ मी कापलेला होता. अंगातलं पाणी धरून ठेवणारा रस त्या देठातल्या बारीक मज्जातंतूंतून रक्तात उतरतो. तंतू तुटले की लघवी आवरत नाही आणि तहान भागत नाही. तो किती पाणी पितो, हे मी रोज मोजत होते. मी वर्गावर गेले आणि तू त्याच्या बाटलीत तुझा तांब्या रिकामा केलास. "लई तहानलंय गं लेकरू," म्हणालीस. महिन्याची मोजणी बिघडली म्हणून चार लोकांत मी तुझ्यावर ओरडले. तू दुपारच्याच एस.टी.नं शेवगावला परतलीस.

आये, पुढं त्या उंदराची तहान हळूहळू उतरली. तुटलेल्या टोकांना नवे धुमारे फुटले होते आणि त्यांत तो रस पुन्हा साठत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रसाचे, रंग दिल्यावर जांभळे दिसणारे मणी मी पाहिले. त्यासाठी उंदराचं काय करावं लागलं, ते विचारू नकोस.

परवा कडूमावशी भेटली. त्या दिवशी तू नगरला येताना एस.टी.त ती तुझ्या शेजारीच होती. म्हणाली, "घसा कोरडा पडला तरी तुझ्या आयनं तांब्याला तोंड लावलं न्हाई. म्हनली, नगरात बी पान्याचे हाल हायेत, हे मनूला न्हेतीय."

तुझीच,
मनू