प्रेसवरची झेंडूची माळ

संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विजू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू पहिल्याच वाक्याला ताई, थांब म्हणतेस, मी थांबत नाही, आणि आपलं भांडण होतं. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. शिवाय सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर रोझलिन आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या, ती सवय हाताला अजून आहे. अक्षर मात्र असं झालंय, की त्यांनी पाहिलं तर या वयातही पट्टी बसेल.

तर नीट वाच. सिद्धेश चाकणच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर असतो, तिथे दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि त्याच्या प्रेसची माळ घरून मी ओवून देते. यंदाही झेंडू आणि आंब्याची पानं, जाड दोऱ्यात, चांगली लांब. दसरा झाल्यावर बाकीच्यांनी आपापल्या माळा उतरवल्या. यानं ठेवली. आईची माळ आहे, पडायची तेव्हा आपोआप पडेल, म्हणाला.

परवा दुपारच्या शिफ्टला पत्रा साच्यात तिरका बसला. यानं पायाखालचं पेडल दाबलेलं होतं, प्रेस वरून खाली येत होती, आणि पत्रा सरळ करायला यानं बाजूनं हात आत घातला. विजू, प्रेस मध्येच थांबली. हाताच्या वर बोटभर अंतर राखून थांबली. कोणी बटण दाबलं नव्हतं, वीज गेली नव्हती, पंखे फिरत होते, शेजारची यंत्रं चालू होती. त्यानं हात बाहेर काढला तर बाहीला माझ्या माळेतल्या झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. आई तुळजाभवानीनं हात धरला, याहून वेगळं मी काय म्हणू? तो शर्ट धुतलेला नाही. घडी करून देवापुढे ठेवलाय.

कारखान्यात थोरली थोरली माणसं रडली म्हणे. मालक दिग्विजयराव तरुण आहेत, मनानं चांगले. त्यांनी सिद्धेशला मिठी मारली आणि प्रेसच्या शेजारीच भवानीचं छोटं देऊळ बांधायचं ठरवलं. कार्तिकी पौर्णिमेला स्थापना आणि पहिला नारळ माझ्या हातून. तू आणि बबनराव दोघांनी यायचं. हसायचं नाही, एवढीच अट.

सूनबाई बरी आहे. मिनल चिंच मागते आणि आणून दिली की नको म्हणते. मला माझे दिवस आठवतात.

माया आहे तशी राहू दे, आणि अक्कल पाजळणं जरा कमी कर.

तुझी,
ताई


राजगुरुनगर
दि. १७ ऑक्टोबर २०२५

ती. इंदुताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून बसून राहिले. हसले नाही. ज्या हाताला धरून मी सिद्धेशला पहिल्यांदा बालवाडीत नेलं, तो हात डोळ्यांपुढून जाईना. यांनी चहा करून पुढे ठेवला, तोही गार झाला.

आता तू मला नास्तिक म्हणतेस, तर नास्तिकासारखं लिहिते. रागावणार असशील तर आधी चष्मा लाव, मग राग.

सिद्धेशशी फोनवर बोलले तेव्हा मी घाईनं म्हणाले, की क्षणभर वीज कमी झाली असेल. तो म्हणाला मावशी, पंखे चालू होते. म्हणजे माझं चुकलं. मग तुझ्या पत्रातल्या पाकळ्यांवर मी अडले. हात पत्र्याकडे गेला, मग बाहीला झेंडू कुठून लागला? त्याच्याकडून प्रेसचा फोटो मागवला आणि सगळं उलगडलं.

लिफ्टचं दार मिटताना मध्ये हात आला तर ते परत उघडतं, पाहिलं आहेस ना? तसाच न दिसणारा प्रकाशाचा पडदा त्याच्या प्रेसला पुढच्या बाजूनं आहे. काहीही आडवं आलं की प्रेस थांबते. पण तो फक्त पुढे आहे. दोन्ही कुशी उघड्या आहेत आणि सिद्धेशनं हात घातला तो कुशीतून, म्हणजे यंत्राला तो हात दिसतच नव्हता. तुझी माळ लोंबत होती ती नेमकी त्याच कोपऱ्यातल्या खांबावर. हात आत जाताना त्यानं माळ पुढे ढकलली, माळ प्रकाशाच्या आड आली आणि प्रेस थांबली. हात यंत्राला दिसला नाही, झेंडू दिसला.

ताई, हे सिद्ध करून मला तुला हरवायचं नाही. माझी भीती वेगळी आहे. झेंडू सुकतो. दोरा कुजतो. माळ एक दिवस पडेल, कुशी उघडीच राहील आणि पोरगा त्याच प्रेसवर उभा असेल. तिथे लोखंडी जाळी बसायला हवी. देऊळ नंतर, जाळी आधी, एवढं मालकांना सांग.

तुला कॉन्व्हेंटमधला तो श्रावण आठवतो? प्रार्थनेच्या खोलीत मेरीमातेच्या गालावरून पाणी ओघळलं आणि आपण सगळ्या मुली रडत गुडघ्यांवर बसलो. सिस्टर रोझलिन आल्या, पाहिलं आणि माळ्याला हाक मारून आधी शिडी आणवली. झगा कमरेला खोचून स्वतः वर चढल्या. छपराचं एक कौल फुटलं होतं. जन्म देवाला दिलेली बाई, पण आधी शिडी आणवली.

देवीनं केलं की माळेनं, यावर माझ्याशी जन्मभर भांड. जाळीवर नको.

लोभ ठेवालच; तो रागाच्या भरात आटू देऊ नये, ही विनंती.

तुझी,
विजू


संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. विजू हिस आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम राग उतरल्यावर.)

दिवाळीत मुद्दामच उत्तर लिहिलं नाही आणि तुझ्या चकल्याही पाठवल्या नाहीत. मिनलनं डबा भरला होता, मी तो शेजारी दिला.

शाळेत विज्ञान शिकवायचीस तशा तुझ्या फळ्यावरच्या आकृतीत सगळं बसतं, हे कबूल. पण मला सांग, सगळ्यांनी माळा उतरवल्या तेव्हा यानं उतरवू नये ही बुद्धी त्याला कोणी दिली? त्याच खांबाला बांधायची बुद्धी कोणी दिली? मी दरवर्षी आखूड ओवते, यंदा फुलं जास्त मिळाली म्हणून लांब झाली. याला तुझ्याकडे कसला पडदा आहे? तुम्ही लोक दिवा कसा लागला ते सांगता आणि लावणाऱ्याचं नाव विचारलं की गप्प बसता.

आणि सिस्टरची गोष्ट तू अर्धीच लिहिलीस. शिडीवरून उतरल्यावर त्यांनी आपल्याला उठू दिलं नाही. स्वतः आपल्यात येऊन गुडघ्यांवर बसल्या. कौल कोणाच्या डोक्यात पडलं नाही याचे आभार माना, म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. झग्याला कोळिष्टकं लागली होती.

जाळीचं म्हणशील तर सिद्धेशनं विचारलं. दिग्विजयराव म्हणाले, जाळी लावली की बाजूनं माल काढता येत नाही, कामाचा वेग जातो, आणि आता तर साक्षात आई शेजारी येऊन बसणार, मग भीती कशाची? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तिला शेजारी बसवायचं आणि पुन्हा जाळी मागायची, म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असंच झालं की.

बबनरावांच्या डोळ्याचं काय ठरलं ते कळव. रागावले आहे म्हणून काळजी सुटलेली नाही.

तुझी,
इंदुताई


राजगुरुनगर
दि. ३० ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चकल्या शेजारी गेल्या हे वाचून हे तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त रागावलेत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ठरलंय, त्यामुळे स्थापनेला येणं जमणार नाही. मनात अढी ठेवून येत नाही असं समजू नकोस.

ती बुद्धी त्याला कोणी दिली, हे मला माहीत नाही. आईची माळ म्हणून ठेवली, इतकंच मला दिसतं. त्याच्यापलीकडे काही असलं तर ते मला ठाऊक नाही, आणि असं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, तेही तुझंच बरोबर. मी विसरले होते. तू लिहिलंस आणि ती कोळिष्टकंसुद्धा डोळ्यांपुढे आली. पण ताई, क्रम आठव. आधी शिडी, मग नवं कौल, मग गुडघे.

आता जे लिहिते ते तुला सांगायचं नाही असं मिनलनं मला बजावलं होतं. परवा तिचा फोन आला, रडत होती. पूर्वी सिद्धेश प्रेसला भिऊन असायचा, घरी आला की बोटं मोजल्यासारखी बघायचा. आता भीती गेली आहे. भवानीच्या फोटोला नमस्कार करतो आणि बेलाशक बाजूनं हात घालतो. त्याचं बघून लाइनवरची बाकीची पोरंही नमस्कार करून हात घालतात. मिनलनं विचारलं तर हसून म्हणाला, अगं, आपल्याला आता कोण काय करणार?

तू त्याला एवढंच विचारून बघ, माळ अजून खांबावर आहे का?

बाकी काही लिहीत नाही. जीव थाऱ्यावर नाही. तुझा वरदहस्त आम्हा सगळ्यांवर असावा, आणि या वेळी जरा घट्ट.

तुझी,
विजू


संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी सिद्धेश जेवत होता. माळ आहे का रे, मी सहज विचारल्यासारखं विचारलं. दिवाळीच्या झाडलोटीत गेली म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला. मी त्याच्या हाताकडे बघत बसले. वाढायचं विसरले. मिनल माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं, की ही पोरगी रोज असंच बघत असणार.

पौर्णिमेला गेलो. देऊळ सुरेख झालंय, पांढऱ्या फरशीचं, आईचा मुखवटा पितळेचा. पेढे, सनई, सगळ्यांच्या कपाळाला गंध. दिग्विजयरावांनी मला खुर्ची दिली आणि नारळ फोडायला बोलावलं. मी म्हटलं, पहिला नारळ इथे नाही फोडायचा, माझ्या मुलाच्या प्रेसवर फोडायचा. त्यांना वाटलं म्हातारीचा काही नवस असेल. आनंदानं हो म्हणाले.

मग मी सिद्धेशला सांगितलं, की छताची जळमटं काढायचा तो लांब बांबू आण, त्याच्या टोकाला नारळ बांध आणि तू ज्या बाजूनं हात घातला होतास त्याच बाजूनं आत धर. त्याचा चेहरा उतरला. आई, हे काय चालवलंयस, म्हणाला. मी म्हटलं, देवी शेजारीच आहे ना, तुम्हीच म्हणता, मग नारळाला कसली भीती? सगळ्यांना लांब उभं केलं. फोरमनला पेडल दाबायला सांगितलं. माणसांनी हात जोडले, विजू. कोणीतरी उदो उदो म्हणालं. मीही हात जोडले होते.

प्रेस थांबली नाही.

तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. नारळाची भकलं झाली नाहीत, लगदा झाला. बांबूचं टोक चपटं झालं. पाणी उडालं ते दिग्विजयरावांच्या पांढऱ्या शर्टवर. सनईवाल्यानं वाजवणं कधी बंद केलं ते कळलं नाही. सिद्धेशनं बांबू खाली ठेवला, आपला उजवा हात डाव्या हातात धरला आणि तिथेच जमिनीवर बसला. त्याची भीती परत आली होती. आईनं मुलाला भ्यायला लावून समाधान मानावं असं मला कधी वाटलं नव्हतं, पण त्या क्षणी मानलं.

दिग्विजयरावांना मी एवढंच म्हणाले, की तिनं एकदा माझ्या लेकराचा हात धरला, ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रोज धरायला ती तुमच्याकडे नोकरीला नाही. ते वाकून माझ्या पाया पडले आणि जाळी बसेपर्यंत प्रेस बंद, असं फोरमनला सांगितलं. पत्र्याचंच काम करणारी माणसं ती, जाळीला असा काय वेळ लागतो? काल बसली. उघडी असली तर प्रेस चालूच होत नाही अशी जोडलीय म्हणे. बाकीच्या प्रेसनाही आता करतायत.

माझ्या पिशवीत दुसरा नारळ होता. तो मी देवीपुढे फोडला आणि गुडघे दुखत असतानाही खाली बसून नमस्कार केला. तू म्हणतेस तो क्रम पाळला. परीक्षा मी तिची घेतली नाही, यंत्राची घेतली. तिचं मला आधीपासून माहीत होतं. माळ तिनंच धरली, हे माझं मत कायम आहे. त्यावर तुझी आकृती नको.

तो शर्ट आज धुतला. पाकळ्या आधी काढून डबीत ठेवल्या. बबनरावांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? चकल्या नव्यानं केल्यात, सिद्धेश रविवारी घेऊन येतो आहे. त्याचे दोन्ही हात नीट बघून घे.

लोभ आहेच, त्यात आता थोडं भांडण मुरू दे, चव येते.

तुझी,
ताई


राजगुरुनगर
दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सिद्धेश आला, जेवला, पाट्यावरची चटणी मागून घेतली. यांना आता नीट दिसतं. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे चकलीचा डबा. जाताना मी सिद्धेशचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडायचं विसरले. मावशी, बस चुकेल, म्हणाला.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. पेडलपर्यंत आले आणि पुढे वाचता येईना, मग यांनीच एका डोळ्यानं उरलेलं वाचलं. एवढी वर्षं मुलांना प्रयोग शिकवले, पण दोन नारळ घेऊन जाणं मला सुचलं नसतं. सिस्टर असत्या तर तुझ्यासाठी स्वतः शिडी धरून उभ्या राहिल्या असत्या.

पुढच्या खंडेनवमीला फुलं ओवायला मी येईन. जाळीच्या बाहेरून बांधायची, आखूड. नास्तिकाच्या हातची चालते का ते तुझ्या भवानीला विचारून ठेव.

आणि डबीतली एक पाकळी पाकिटात घालून मला पाठव. कशाला, ते विचारू नकोस.

तुझी,
विजू