कूलरखालची फिल्म आणि माझी इतर मिळकत

मी, रादिवोये स्तामेन्कोविच, वय एकोणसत्तर, शहराच्या उष्णता केंद्रातला निवृत्त बॉयलरमन, राहणार निश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ती फेब्रुवारीपासून लेस्कोवात्सला बहिणीकडे राहते, तेव्हा हरकत घ्यायला घरात कोणी नाही.

सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं काम आहे. त्यांना असेल नेहमीचं. मला भीती वाटते. त्याआधी देसांकाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा घरी यावं एवढीच माझी खरी इच्छा आहे; बाकीची कलमं कागद रिकामा दिसू नये म्हणून. ऑपरेशनचं तिला कळवलेलं नाही. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं तेच सुचत नाही.

कलम १. या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा देसांकाला द्यावा. उरलेला अर्धा तिचाच आहे, आणि खरं तर माझ्या अर्ध्यातही मी तिच्या परवानगीनेच राहत आलो.

कलम २. पेचकस, तापमान मोजायची बंदूक आणि प्रोसेसरला लावायच्या पेस्टची अर्धी नळी तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लागोयेला द्यावी. अट अशी की, त्याने आपला कॉम्प्युटर पूर्ण ताणावर चालवून सर्वांसमक्ष तापमान मोजावं. 'माझा कधी साठच्या वर जात नाही' असं तो सगळ्या बिल्डिंगला सांगतो, आणि मोजतो मात्र यंत्र नुसतं बसलेलं असताना. मी त्याला एकदा म्हणालोही, "अरे, आरामखुर्चीत बसवून नाडी बघतोस आणि पैलवान ठरवतोस होय?" तेव्हापासून त्याने मला घरी गाळलेल्या राकिया दारूचं बोलावणं केलेलं नाही.

कलम ३. माझा कॉम्प्युटर. याचं थोडं सविस्तर सांगावं लागेल.

जन्मभर मी लोकांची घरं तापवली आणि निवृत्त झाल्यावर एक डबा थंड करण्याच्या मागे लागलो. प्रोसेसर जुना घेतला आणि कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. "एवढ्या वेगाचं करतोस काय?" देसांकाने विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "तापमान बघतो." ताण दिला की आकडा त्र्याण्णववर जाई. मी पंखे वाढवले. डब्याचा पत्रा कापला. थंडीत तो बाल्कनीत आंबट कोबीच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवला. शेवटी बाल्कनीचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी एकदम उघडी ठेवायला लागलो, म्हणजे घरातून आरपार वारा वाहील.

आरपार वाऱ्याने माणूस मरतो हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. मान धरते, दाढ ठणकते, मग मूत्रपिंड. मीही ते मानतो. मी स्वतः कानटोपी घालून बसत असे. देसांकाला दिली नाही, कारण एकच होती. फेब्रुवारीत तिची मान अशी धरली की तिला दोन आठवडे फक्त डावीकडचं जग दिसलं. मग एके दिवशी ती कोट घालून पुढे उभी राहिली.

"रादे, आज सांगून टाक. मी की हा डबा?"

प्रश्न सोपा होता. पण मी नुकताच पेस्ट बदलून ताण दिला होता, आणि तोंडून निघून गेलं, "एक मिनिट थांब, आकडा स्थिर होऊ दे."

तो त्र्याण्णववर स्थिर झाला. तोवर ती बसस्टँडवर पोचली होती.

कलम ४. मृत्युपत्रात मिळकतीचं नेमकं वर्णन हवं म्हणून आज सकाळी डबा उघडला आणि प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा कूलर पहिल्यांदाच नीट उलटा धरला. त्याच्या बुडाला एक पारदर्शक फिल्म चिकटलेली होती. तिच्यावर 'बसवण्यापूर्वी काढावी' असं छापलेलं होतं. दर वेळी पेस्ट पुसायची आणि नवी लावायची, ती मी या फिल्मवरच लावत होतो. ती काढली, कूलर बसवला, घराची सगळी दारं-खिडक्या लावल्या आणि ताण दिला. एकसष्ट. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

कॉम्प्युटर कोणालाही द्यावा. ब्लागोयेला सोडून.

कलम ५. सदर फिल्म मात्र देसांकालाच द्यावी. तिने ती यापुढे प्रत्येक भांडणात माझ्याविरुद्ध वापरावी; मी हयात नसलो तरी चालेल.

पुरवणी. साक्षीदार म्हणून ब्लागोये आणि पाचव्या मजल्यावरच्या पेर्साबाई आल्या. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही करायची असते, असं मी ब्लागोयेला सांगितलं. त्याने सगळा वाचला. कलम चारपाशी तो हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला, मग डोळे पुसत जिन्यात गेला आणि मला न विचारता त्याने लेस्कोवात्सला फोन लावला. मिळेल त्या बसने देसांका दारात हजर.

"सोमवारी ऑपरेशन आणि मला ब्लागोयेकडून कळतं? कुठे आहे ती फिल्म?"

मी दिली. तिने ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली.

"हिच्यापायी माझी मान?"

"हिच्याच."

"मूर्खा," ती म्हणाली आणि खाली बसली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "जूनमध्ये सगळं बंद करून बसलायस? किती कोंदट झालंय घर! खिडकी उघड."

"दार पण?"

"एकच उघड! सोमवारपर्यंत तरी दोघांनी जिवंत राहायला हवं ना? मी येणार आहे तुझ्याबरोबर."

फिल्म तिने पर्समध्ये टाकली, म्हणजे कलम पाच माझ्या हयातीतच अमलात आलं. इतर कलमांची घाई नाही.

लिहून ठेवणार: रादिवोये स्तामेन्कोविच (सही)

साक्षीदार: ब्लागोये मितिच (सही; कलम दोनची अट अमान्य)
साक्षीदार: पेर्सिदा योत्सिच (सही)

स्थळ: निश, आमचं स्वयंपाकघर, एक खिडकी उघडी
दिनांक: २७ जून २०२५