काटा नसलेला तुकडा

सानपाडा गाव,
नोव्हेंबर १९९७

प्रिय आशू,

फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो हॉलमध्ये आहे आणि बहुतेक वेळा तुझ्या आईच उचलतात. शिवाय मला मधे कुणी न बोलता सगळं सांगायचंय. तू बोलायला लागलास की मी नुसती ऐकत बसते, हे तुला ठाऊकच आहे.

लग्नाच्या बोलणीसाठी तू वाशीचं ते व्हिएतनामी हॉटेल निवडलंस, तेव्हा मला तुझं फार कौतुक वाटलं होतं. आमच्या घरी बसलो असतो तर मासळीच्या वासानेच तुझ्या आई दारातून परतल्या असत्या. तुमच्या फ्लॅटवर बसलो असतो तर माझे बाबा सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले असते. त्यापेक्षा हे बरं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी', आत दूधतूपसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, व्हिएतनामात, सायगॉनला अर्धं आयुष्य काढून आलेले ते हॉटेलवाले तमिळ काका आणि आत रांधणारी त्यांची व्हिएतनामी बायको. ना तुमचं, ना आमचं.

सुरुवात किती छान झाली होती. काकडी-पुदिना गुंडाळलेला तो तांदळाचा ओला पापड आला तर बाबा म्हणाले, "नमे, ही तं आपली तांदलाची फेनी हाय, वाफवलेली." तुझ्या आईसुद्धा हसल्या. सूपातला तुळशीसारखा पाला बघून, आधी नमस्कार करू की खाऊ, असं त्यांनीच विचारलं. मला वाटलं, जमलं. आठवडाभर उगाच टेन्शन घेतलं होतं.

मग ती बशी आली. सोयाबीनचा मासा, वरून समुद्रातल्या शेवाळाची काळी साल. तो कशाचा आहे ते काकांनी बाबांना हिंदीत समजावलं. तू हात धुवायला गेला होतास आणि तुझ्या आई माझ्या आईशी बोलत होत्या, त्यामुळे तुम्ही ते ऐकलं नाहीत. खाडीकाठी जन्म गेलेल्या माणसाला त्या शेतात पिकलेल्या माशाची भारी गंमत वाटली. आमच्या घरची रीत अशी, की पहिला चांगला तुकडा मुलीच्या बापाने आपल्या हाताने विहिणीच्या ताटात वाढायचा. बाबांनी वाढला. म्हणाले, "घ्या विहीनबाय, याला काटा नाय, निवांत खा." तुझ्या आईंनी घास घेतला, तोंडात समुद्राचा वास भरला आणि त्या ताडकन उठल्या. "फसवून बाटवता का आम्हाला?" हे सगळ्या हॉटेलने ऐकलं. काका समजवायला येईपर्यंत त्या पायऱ्या उतरूनही गेल्या होत्या.

त्यांचा मला राग नाही. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं. पण तू त्यांच्या मागे गेलास तो गेलासच. मला वाटलं, रिक्षात बसवून परत येशील. बाबाही तेच म्हणत राहिले, "येल तो, थांब जरा." सूप गार झालं तरी त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं बदलली. बाबा दाराकडे बघत बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

काल तू माझ्या भावाकडे, दिपेशकडे, निरोप दिलास. आईला पटलंय, ते सोयाबीनच होतं, आता काही प्रश्न नाही, रविवारी साखरपुड्याची तारीख धरायला येतो. दिपेश पेढे घेऊनच घरी आला. म्हणून हे पत्र लिहायला बसले. आशू, ते सोयाबीन निघालं म्हणून माझे बाबा निर्दोष ठरले. मासा निघाला असता तर? तू हा प्रश्न आईंना विचारला नाहीस, स्वतःलाही नाही. तुझ्यासाठी मी मासे सोडायला तयार होते, तसं तुला म्हणालेही होते, आणि ते मी आनंदाने केलं असतं. पण त्या दिवसापासून बाबांनी सोडलेत. ते मला बघवत नाही. रविवारी येऊ नका. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही याल तेव्हा वास राहू नये म्हणून ते सकाळपासून घर धुताहेत.

दुसरं काही लिहायला हात धजत नाही, म्हणून अजून

तुझीच,
नमिता