मागच्या खोलीतल्या मशीनची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, बुद्धी शाबूत, नजर चष्म्याच्या भरवशावर आणि हात अजून स्थिर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण आणायला मुलगा आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवले.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या या एकुलत्या एका मुलाला मिळावी. आजारपणात त्याने माझे काही कमी केले नाही, हे लेखी मान्य करते, म्हणजे पुढे रुसायला जागा नको.

मात्र घराची मागची खोली, तिच्यातले धातू कापून घडवायचे छोटे मिलिंग मशीन, काम घट्ट पकडणारा व्हाइस आणि सर्व कटर या वाटणीतून वगळले आहेत. कारण नमूद करते. मागच्या महिन्यात, मी घरात धडधडीत जिवंत असताना, चिरंजीवांनी भंगारवाल्याला ती खोली दाखवली. वर मलाच म्हणाले, "आई, या खेळण्यावर एका कामाला अख्खा दिवस जातो."

दिवस जातो तो तुझ्या भित्रेपणामुळे, बाळा. मशीन छोटे म्हणून तू जपून जपून कागदाइतका पातळ थर काढतोस. त्याने कटरचे नुसते टोक घासून बोथट होते, वरची धार कोरी करकरीत राहते आणि धातू आपला जागेवरच.

नवरा गेल्यावर याच खेळण्यावर मी घर चालवले. बाईमाणसाला झेपायचे नाही, विकून टाक, असे थोरले दीर तेव्हा म्हणाले होते. पुढे त्यांच्याच कारखान्यातली अडलेली कामे पिशवीत भरून ते माझ्या दारात येऊ लागले. कामे मी करून दिली. दिरांना मात्र दर वेळी दारातच उभे ठेवले.

माझी पद्धत मालमत्तेतच धरावी. जेवढा धातू भोके पाडून आणि करवतीने एका तुकड्यात निघेल तेवढा आधी काढावा, त्याचा कीस करत बसू नये. मग कटर खोल उतरवून त्याला बाजूने थोडा थोडा धातू भरवावा, म्हणजे सगळी धार राबते. मशीन किंचाळले तर वेग उतरवावा, पण धातू पुढे सरकवणारे हँडल फिरवायचे थांबवू नये.

हे घरात एकटीला उमगले, ती म्हणजे सूनबाई. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा मागून मशीनचा एकसारखा, भरल्या पोटाचा आवाज आला. थोड्या वेळाने ती तेलकट हातांनी आत आली आणि म्हणाली, "आई, आज ते भांडलं नाही माझ्याशी." मला इतका अभिमान वाटला, की भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतले.

सबब खोली व मशीन सूनबाईच्या एकटीच्या मालकीची राहतील. मुलाने हक्क सांगू नये. शिकायचे असल्यास तिला विचारून आत यावे, आणि चपला घालून यावे, कीस पायात घुसतो.

शेवटचे. व्हाइसमध्ये पोलादाचा एक ठोकळा बांधलेला आहे, अर्धा माझ्या हातचा. सूनबाई, भंगारवाल्याने दार वाजवले तरी उघडू नकोस, मशीन चालू कर. माझा कट थांबला तिथून पुढे जा. जोड दिसता कामा नये.

स्थळ: मागची खोली
दिनांक: आज, रविवार, मशीन थंड झाल्यावर

सही: मशीनवाली

साक्षीदार:
१. पंप दुरुस्तीवाले शेजारी (ठोकळा यांचाच आहे)
२. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई (बुद्धी शाबूत असल्याचे तपासून)